प्रकल्प नोंदी: भारताने श्रीलंकेला दिलेलं कर्ज, घोषणेपासून उचलीपर्यंत

२ जून २०२५, सोमवार

मॅडमनी फळ्यावर लिहून ठेवलंय: भारत ते श्रीलंका, कर्जाचा ओघ, २००५ ते २०२५. एक आलेख, एक रेघ, खाली चार ओळींचं टिपण. मुदत सहा आठवडे. मी मनात म्हटलं, सहा कशाला, दोन पुरतील. (ही ओळ पुढे खोडायची नाही असं ठरवलंय.)

२००५ च का, याला कारण आहे. त्याआधी भारत सरकार मित्रदेशांना थेट स्वतःच पतपुरवठा करायचं. २००३-०४ च्या अर्थसंकल्पात जसवंत सिंह यांनी नवी दिशा सांगितली आणि हळूहळू ते काम एक्झिम बँकेकडे (सरकारच्या निर्यात-आयात बँकेकडे) गेलं. बँक बाजारातून पैसा उभा करते, सरकार हमी देतं आणि स्वस्त व्याजामुळे पडणारा फरक भरून देतं. म्हणजे २००५ च्या आधीचा हिशेब वेगळ्या वहीत आहे. त्या वहीला आपण हात लावत नाही.

माहिती तीन ठिकाणांहून घ्यायची: एक्झिम बँकेची पतमर्यादांची (ठरावीक रकमेपर्यंत लागेल तसं उचलायच्या कर्जांची) यादी, श्रीलंकेच्या वित्त खात्याचे वार्षिक अहवाल आणि जागतिक बँकेची आंतरराष्ट्रीय कर्ज आकडेवारी. श्रीमंत देशांच्या मदतीची जी प्रसिद्ध कोष्टकं असतात ती इथे कुचकामी, कारण ती काढणाऱ्या श्रीमंत देशांच्या मंडळाचा भारत सदस्यच नाही.

४ जून, बुधवार

पहिला आलेख दुपारी निघाला आणि चहा संपायच्या आत बाद झाला. तिन्ही ठिकाणच्या रेघा एकमेकींना ओळखसुद्धा देत नाहीत.

एक कारण लगेच सापडलं. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. श्रीलंकेचं जानेवारी ते डिसेंबर, जागतिक बँकेचंही तेच. मी २०२१-२२ ला सरळ २०२१ धरलं होतं. साधी चूक, पण या विषयात तिची किंमत जबर: इंधनासाठीच्या ५० कोटी डॉलरचा करार २ फेब्रुवारी २०२२ चा, जीवनावश्यक वस्तूंच्या १ अब्जाचा १७ मार्च २०२२ चा. दोन्ही आपल्या वर्षाच्या शेपटाला. माझ्या आलेखात श्रीलंकेचं संकट एक वर्ष आधीच येऊन गेलं होतं!

यापुढे वर्ष कुठेच लिहायचं नाही. प्रत्येक ओळीला पूर्ण तारीख, वर्षाची बेरीज शेवटी यंत्राने करावी.

९ जून, सोमवार

आजचा दिवस एका नावाने खाल्ला.

२००७ साली भारताने श्रीलंकेला ३० कोटी ७० लाख डॉलर ६.३ टक्के दराने दिले, असं माझी स्क्रिप्ट (तिन्हीकडची माहिती जुळवणारा छोटा प्रोग्रॅम) सांगत होती. दर बघूनच शंका आली. आपल्या पतमर्यादा इतक्या महाग नसतात, दीड-पावणेदोन टक्क्यांच्या आसपास असतात. मूळ ओळ उघडली तर श्रीलंकेतल्या, चीनच्या कर्जातून झालेल्या हंबनटोटा बंदराचा पहिला टप्पा. म्हणजे चीनची एक्झिम बँक. नावं जुळवणाऱ्या कोडला ‘एक्झिम बँक’ एवढंच दिसलं आणि त्याने दोघींचा संसार एक करून टाकला. एक्झिम नावाच्या बँका कोरियात आहेत, अमेरिकेत आहेत, हंगेरीत आहेत. आपली १९८२ मध्ये सुरू झाली, चीनची १९९४ मध्ये.

ऑफिसात हशा पिकला. पण हे कुणाच्या लक्षात आलं नसतं तर हंबनटोटाचं कर्ज आपल्या नावावर छापलं गेलं असतं. जुळणी आता देशाच्या नावासकट होते. शिवाय चार टक्क्यांच्या वरचा दर दिसला की ओळ लाल होते. रांगडा उपाय आहे, पण चालतोय.

१४ जून, शनिवार

सुट्टी होती, पण डोंबिवलीला काकांकडे गेले. काका बँकेच्या परकीय व्यापार विभागातून निवृत्त. त्यांना विचारलं, “पतमर्यादा दिली म्हणजे पैसे नेमके कधी जातात?”

“जातात कुठे? जातच नाहीत,” काका म्हणाले.

मग त्यांनी पेपराच्या समासात काढून दाखवलं. एक्झिम बँक आणि श्रीलंका सरकार यांच्यात करार. काम भारतीय कंपनीला, कारण किमान तीन चतुर्थांश माल आणि सेवा भारतातल्याच हव्यात अशी सर्वसाधारण अट. कंपनी रूळ पाठवते, सिग्नल पाठवते, माणसं पाठवते. मालवाहतुकीची कागदपत्रं, इन्व्हॉइस, तिकडच्या खात्याने ‘काम झालं’ म्हणून दिलेला दाखला, हे सगळं मुंबईत कफ परेडला, एक्झिम बँकेत पोचतं. बँक कंपनीला इथल्या इथे पैसे चुकते करते आणि तेवढीच रक्कम श्रीलंकेच्या नावे टाकते. कोलंबोत जातो तो माल. डॉलर इथून हलतसुद्धा नाही.

“अगं, तुमच्या घरी वाणी सामान पोचवतो आणि वहीत मांडतो ना, तसंच. फरक एवढाच की इथे वाणी दुसरा आणि वही दुसऱ्याची.”

मग मी उचल कोणत्या तारखेला धरायची? माल निघाला त्या दिवशी, पोचला त्या दिवशी, की बँकेने बिल चुकतं केलं त्या दिवशी? काकांचं उत्तर: “वही ज्याची, तारीख त्याची.” म्हणजे बिल चुकतं झालं तो दिवस. श्रीलंकेच्या अहवालात तोच आकडा काही आठवडे इकडे-तिकडे दिसू शकतो, कारण तिथे नोंद होईपर्यंत कागद फिरत असतो. वर्षअखेरीच्या बिलांना हे नक्की लागू.

परतीच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या फोनवर तीन रकाने लिहिले: घोषणा, करार, उचल. फळ्यावरची एक रेघ बहुधा गेली.

१७ जून, मंगळवार

रेल्वे. या सगळ्या यादीत मला सर्वांत समजणारा भाग हाच, म्हणून रेंगाळले.

पहिली मोठी नोंद कोलंबो-मातरा मार्गाची. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने दक्षिण किनाऱ्याची ही लाइन उखडली. पेरलिया गावाजवळ समुद्राने अख्खी गाडी गिळली, हजाराहून अधिक माणसं गेली. त्या मार्गाच्या सुधारणेसाठी भारताची पतमर्यादा १६ कोटी ७४ लाख डॉलरची, आणि ती पूर्ण वापरली गेली. यादीत ‘पूर्ण वापर’ असा शेरा फार कमी ठिकाणी दिसतो.

नंतर उत्तरेचं मोठं काम. युद्धामुळे १९९० मध्ये जाफन्याची गाडी बंद झाली होती. युद्ध मे २००९ मध्ये संपलं. मग ओमंतै ते पळ्ळै, मेदवच्चिया ते मधू, मधू ते तलाईमन्नार, शिवाय सिग्नल आणि दूरसंचार, असं मिळून सुमारे ८० कोटी डॉलर. काम इरकॉनचं, म्हणजे रेल्वे बांधणाऱ्या आपल्या सरकारी कंपनीचं. १३ ऑक्टोबर २०१४ ला ‘याळ देवी’ ही गाडी पुन्हा जाफन्यात शिरली. १४ मार्च २०१५ ला तलाईमन्नारच्या गाडीला पंतप्रधान मोदींनी हिरवा झेंडा दाखवला.

आता गंमत. घोषणेच्या रकान्यात हे ८० कोटी दोन-तीन मोठ्या पायऱ्यांसारखे दिसतात, गच्चीवर जाणारा जिनाच जणू. उचलीच्या रकान्यात तेच पैसे कित्येक वर्षं थेंबथेंब पसरलेले. त्यामुळे ‘युद्ध संपल्यावर भारताने एकदम कर्ज ओतलं’ हे वाक्य पहिल्या आलेखावरून खरं वाटतं आणि दुसऱ्यावरून नाही. वर्तमानपत्रं पहिल्या आलेखावर लिहितात. त्यांना दोष नाही, पंतप्रधानांच्या दौऱ्यात घोषणाच होते. बिल चुकतं झाल्याची पत्रकार परिषद कुणी घेत नाही.

२० जून, शुक्रवार

दोन्ही पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, घरून काम. खिडकीतून टाळ ऐकू येत होते, एक्सेल उघडून बसणं जिवावर आलं होतं.

कर्ज नसलेलं बाजूला काढलं. उत्तर आणि पूर्व भागातली व चहामळ्यांतली घरं, एकूण ५० हजारांचा प्रकल्प: अनुदान, बाहेर. २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने पाठवलेला तांदूळ, दूधभुकटी, औषधं: भेट, बाहेर. चटकन झालं.

२४ जून, मंगळवार

रिझर्व्ह बँकेची चलन अदलाबदल (आपलं चलन ठेवून काही काळापुरते डॉलर घ्यायचे, मग परत करायचे) धरायची का, यावर मॅडम आणि मी तासभर.

सार्क देशांसाठीची ही सोय २०१२ पासून आहे. २०१५ मध्ये श्रीलंकेला तिच्याबाहेर १.१ अब्ज डॉलरपर्यंतची खास सोय मिळाली. जुलै २०२० मध्ये ४० कोटींचा करार झाला, फेब्रुवारी २०२१ मध्ये रक्कम परत आली. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा ४० कोटी.

मॅडमचं म्हणणं: दोन मध्यवर्ती बँकांमधला हा हातउसना व्यवहार. काही महिन्यांत फिरतो, प्रकल्प नाही, माल नाही. धरला तर वर वर सुळके दिसतील आणि वाचकाला वाटेल काहीतरी बांधलं गेलं. माझं म्हणणं: ज्या आठवड्यात तिजोरीत डॉलर नाहीत त्या आठवड्यात हातउसना हाच सर्वांत खरा. रेल्वेचं कर्ज दहा वर्षं चालतं, पण त्याने डिझेल भरता येत नाही.

तोडगा: वेगळी तुटक रेघ, बेरजेत नाही. मला पटलेलं नाही. नोंद केली.

जेवताना कुणीतरी आठवण करून दिली की २०२१ मध्ये बांगलादेशनेही श्रीलंकेला २० कोटी डॉलरची अशीच अदलाबदल दिली आणि २०२३ मध्ये ती फिटली. आपल्या विषयात नाही, पण खाली तळटीप टाकणार. ज्या देशाला आपण स्वतः पतमर्यादा देतो तो तिसऱ्याला उसने देतो, हे कुठेतरी लिहिलेलं असावं.

३० जून, सोमवार

एक अब्ज डॉलर हरवले.

२०२२ ची बेरीज जमत नव्हती. अधिकृत निवेदनांत त्या वर्षीची भारताची मदत ‘जवळपास ४ अब्ज डॉलर’ असते. एक्झिम बँकेच्या यादीतून मला मिळालं इंधनाचं ५० कोटी, त्यावर वाढीव २० कोटी, युरियाचं साडेपाच कोटी. पाऊण अब्ज. सकाळपासून दुपारपर्यंत मी कोडमध्ये चूक शोधत होते. चूक कोडमध्ये नव्हतीच. अन्न, औषधं वगैरेंसाठीचा १ अब्जाचा पतपुरवठा एक्झिम बँकेचा नाही, स्टेट बँकेचा आहे. वही दुसऱ्याची! काकांचं वाक्य डोक्यात असूनही तीन तास गेले.

मांडणी आता अशी: ४० कोटी अदलाबदल, ७० कोटी इंधन, १ अब्ज स्टेट बँक, साडेपाच कोटी युरिया. बेरीज २ अब्ज १५ कोटी ५० लाख. उरलेलं मुख्यतः आशियाई क्लिअरिंग युनियनमधलं. या युनियनमध्ये सदस्य देश आपसातल्या व्यापाराचा हिशेब दर दोन महिन्यांनी चुकता करतात, मुख्यालय तेहरानला. श्रीलंकेने द्यायची रक्कम रिझर्व्ह बँकेने पुढे ढकलली, नुसत्या जानेवारी २०२२ मध्येच ५० कोटींहून जास्त. ना नवा करार, ना पतमर्यादा, ना उद्घाटन. देणं आहे तिथेच, फक्त ‘पुढच्या महिन्यात बघू’. याला कर्ज म्हणायचं नाही तर काय? आणि कर्जाच्या एकाही यादीत ते ओळ म्हणून सापडत नाही.

युरियाची ओळ छोटी, पण तिच्यापाशी थांबले. एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली, नोव्हेंबरात निर्णय फिरवावा लागला, तोवर हंगाम हातचा गेला. जून २०२२ चा हा करार ६५ हजार टन युरियासाठी. जुलैत ४४ हजार टन पोचला, उरलेला ऑगस्टमध्ये. करार ते माल दोन-अडीच महिने. रेल्वेच्या ओळींच्या शेजारी ही ओळ ठेवली की कळतं, घाई असली की हीच यंत्रणा किती पळते.

४ जुलै, शुक्रवार

१२ एप्रिल २०२२. या तारखेवर अख्खा आठवडा गेला आणि जायलाच हवा होता.

त्या दिवशी श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या सरकारांची कर्जं त्यात आली. मध्यवर्ती बँकांमधल्या अदलाबदली वगळल्या. आणि एक वाक्य असं की १२ एप्रिलनंतर मिळालेलं नवं कर्ज, किंवा जुन्याच करारातून त्यानंतर झालेली उचल, यांना ही स्थगिती लागू नाही.

म्हणजे एकच करार तारखेने उभा चिरला गेला. स्टेट बँकेचा करार १७ मार्चचा. त्यातून १२ एप्रिलपर्यंत चुकती झालेली बिलं एका बाजूला, नंतरची दुसऱ्या बाजूला. त्याच आठवड्यात, सिंहली-तमिळ नववर्षाच्या तोंडावर, भारतातून ११ हजार टन तांदूळ कोलंबो बंदरात लागला होता. लोकांना तो तांदूळ होता, माझ्या तक्त्यात ते बिल आहे आणि ते कुठल्या तारखेला चुकतं झालं यावर त्याची जात ठरते.

आता मला कळतंय १४ जूनला काकांना विचारलेला प्रश्न किती भाबडा होता आणि किती नेमका. तारखेचा रकाना तेव्हा मला सोयीचा प्रश्न वाटला होता.

मॅडमना तक्ता दाखवला. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “तुझी तुटक रेघ जाड कर. अदलाबदल स्थगितीतून वगळली असेल तर ती बाहेर ठेवून आपण काय सांगतोय?” २४ जूनची नोंद मी त्यांना वाचून दाखवली नाही. मोह झाला होता.

८ जुलै, मंगळवार

श्रीलंकेच्या रुपयांत आलेख काढून बघितला. मार्च २०२२ च्या सुरुवातीपर्यंत तिथल्या मध्यवर्ती बँकेने डॉलरचा भाव साधारण २०० रुपयांवर धरून ठेवला होता, ७ मार्चला दोर सैल सोडला, मे महिन्यात भाव ३६० च्या घरात. एक छदामही नवा न उचलता जुनं देणं पावणेदोन पटींच्या वर गेलं. आपल्या रुपयाच्या भाषेत तोच आकडा जेमतेम हलतो. तीन चलनांत तीन गोष्टी. मुख्य आलेख डॉलरमध्येच, महागाई वजा करून. रुपयाचा आलेख परिशिष्टात.

११ जुलै, शुक्रवार

परतफेडीकडून मागे येताना नवा घोळ.

क्रम सरळ आहे. जानेवारी २०२३ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला कर्ज फेररचनेची (जुन्या कर्जाच्या अटी सैल करण्याची) हमी कळवली, धनकोंमध्ये सर्वांत आधी. २० मार्चला नाणेनिधीने सुमारे ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. भारत, जपान आणि फ्रान्स यांच्या अध्यक्षतेखालच्या धनको समितीशी ५.८ अब्ज डॉलरच्या फेररचनेचा समझोता २६ जून २०२४ ला, चीनच्या एक्झिम बँकेशी ४.२ अब्जांचा वेगळा. एप्रिल २०२५ मध्ये भारताशी द्विपक्षीय करार.

घोळ याच्या आजूबाजूला. डिसेंबर २०२४ मध्ये ठरलं की पूर्ण झालेल्या काही पतमर्यादा प्रकल्पांची देणी फेडायला भारत २ कोटी ६ लाख ६० हजार डॉलर अनुदान देईल. महव ते अनुराधपुर सिग्नलचं दीड कोटीच्या आसपासचं कामही अनुदानात गेलं. एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी कोलंबोत सांगितलं की सहा महिन्यांत १० कोटी डॉलरहून अधिक कर्जाचं अनुदानात रूपांतर झालं.

मग २०१० च्या दशकातली ती उचल, जी तेव्हा कर्ज म्हणून मोजली, ती मागे जाऊन खोडायची? आमचा कोडवाला म्हणतो खोडू, शेवटी परत द्यायची नाहीत ना. मी म्हटलं नाही. २०१८ मध्ये कोलंबोतल्या वित्त खात्यात बसलेला माणूस ते फेडायचंच आहे असं धरून आकडेमोड करत होता. त्याचं त्या वेळचं ओझं आपण आज हलकं करू शकत नाही. जुनी ओळ तशीच, रूपांतराच्या तारखेला वेगळी वजाबाकी. मॅडमनी मान डोलावली. कोडवाला अजून रुसलाय.

१५ जुलै, मंगळवार

सहा आठवडे पुरे झाले आणि वर एक दिवस.

अंतिम आलेखात तीन भरीव रेघा (घोषणा, करार, उचल), एक तुटक पण जाड (अदलाबदल), आणि क्लिअरिंग युनियनच्या ढकललेल्या देण्यासाठी राखाडी पट्टा. फळ्यावरचं ‘एक रेघ’ अजून तसंच आहे, कुणी पुसलं नाही. स्टेट बँकेच्या १ अब्जाची पूर्ण उचल झाली नव्हती आणि २०२३ मध्ये मुदत वर्षभराने वाढवली. त्यामुळे तिथे करार आणि उचल यांच्यात फट दिसते, ती छपाईतली चूक समजू नये म्हणून बाण काढलाय.

राहिलेलं एकच. उत्तर श्रीलंकेतल्या कांकेसंतुराई बंदराचा करार, जानेवारी २०१८, ४ कोटी ५२ लाख ७० हजार डॉलर, पतमर्यादा. वर्षं गेली, खर्चाचा अंदाज वाढला, आणि आता ते काम अनुदानातून करायचं ठरलंय. घोषणेत आहे, करारात आहे, आता कर्जच नाही. कर्ज निळं, अनुदान हिरवं असं ठरवलं होतं. या ओळीला कोणता रंग द्यायचा यावर एकमत झालं नाही. तूर्त पांढरी ठेवली आहे.